सही करण्याआधी गृहीतकांचं पान मागा: रिक्वायरमेंट डॉक्युमेंट मंजूर करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सॉफ्टवेअर प्रकल्पांच्या रिक्वायरमेंट डॉक्युमेंटवर मंजुरीची सही करणारे सर्व विभागप्रमुख, व्यवस्थापक आणि प्रॉडक्ट ओनर यांस,

स. न. वि. वि.

सॉफ्टवेअर बांधण्याआधी त्याने काय करायला हवं ते मांडणारा जो दस्तऐवज तुमच्यासमोर सहीसाठी येतो, तो आम्ही ॲनालिस्ट मंडळी लिहितो. त्यात काय असतं ते तुम्हाला पाठ आहे. क्रमांक घातलेली वाक्यं, आणि बहुतेक वाक्यांचा कर्ता एकच: सिस्टीम. सिस्टीम अमुक स्क्रीन दाखवेल, सिस्टीम तमुक रकाना तपासेल, सिस्टीम इतक्या सेकंदांत उत्तर देईल. तुम्ही पानं चाळता, दोन-चार शंका काढता, एखादं बटण डावीकडे सरकवायला सांगता आणि सही करता. माझं म्हणणं असं की त्यातली बहुतेक वाक्यं, काटेकोरपणे पाहिलं तर, रिक्वायरमेंट नसतातच. आणि ज्याच्या जोरावर अख्खा प्रकल्प उभा राहतो किंवा आडवा होतो, ते तर त्या दस्तऐवजात कुठेच लिहिलेलं नसतं.

हे पोकळ पांडित्य वाटू नये म्हणून एक उदाहरण जरा तपशिलात घेते.

लसी साठवायचा फ्रिज आहे असं धरा. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. त्याच्या वर गेल्या की हळूहळू निकामी होतात. काही लसींना गोठणं तर त्याहून वाईट, कारण वितळल्यावर कुपी वरकरणी धडधाकट दिसते आणि आतली लस गेलेली असते. या फ्रिजवर देखरेख करणारी प्रणाली बसवायची आहे. दस्तऐवजात कोणतं वाक्य येईल ते मी डोळे मिटून सांगते: ‘तापमान ८ अंशांच्या वर किंवा २ अंशांच्या खाली गेल्यास सिस्टीम प्रभारी व्यक्तीला एसएमएस पाठवेल.’ वाक्य स्वच्छ आहे. संदिग्ध नाही, तपासता येतं, टेस्टर चहा थंड व्हायच्या आत टेस्ट केस लिहून मोकळा होईल. सही अडायचं काहीच कारण नाही.

पण एसएमएस हवा होता कुणाला? कुणालाच नाही. हवं होतं ते हे, की खराब झालेली लस कोणाला टोचली जाऊ नये आणि शक्यतो लस खराबच होऊ नये. या वाक्यात लस आहे, माणसं आहेत, फ्रिज आहे; संगणकाचं नावसुद्धा नाही. रिक्वायरमेंट म्हणतात ती ही. एसएमएसचं वाक्य म्हणजे यंत्राने काय करायचं त्याचं वर्णन, स्पेसिफिकेशन. दोन्ही आपापल्या जागी हवीच. प्रश्न असा की दुसरं पाळलं म्हणजे पहिलं आपोआप साधतं, हे कशावरून?

आता हे ‘कशावरून’ उलगडायला बसू. पहिली गोष्ट, सेन्सर लसीचं तापमान मोजतच नाही, तो हवेचं मोजतो. दार उघडलं की हवा झटकन तापते, कुपीतलं द्रव सावकाश. म्हणून जाणकार लोक सेन्सरचं टोक ग्लायकॉलसारख्या द्रवाच्या लहान बाटलीत बुडवून ठेवतात, म्हणजे मिळणारा आकडा हवेपेक्षा कुपीच्या जवळचा असतो. हे डेव्हलपरला कोणी सांगितलं नाही, सेन्सर उघडा बसला, तर सकाळी दार उघडलं रे उघडलं की एसएमएस. आठ-दहा दिवस हा त्रास सोसून प्रभारी व्यक्ती तो नंबर म्यूट करते, आणि तिला दोष देता येत नाही. दुसरी गोष्ट, फ्रिजमध्ये सगळीकडे एकच तापमान नसतं. सेन्सर मधल्या खणात ५ अंश दाखवत असताना मागच्या भिंतीला, थंड हवेच्या झोताला टेकलेली कुपी गोठू शकते. तिसरी, ज्या वीज जाण्याने फ्रिज बंद पडतो त्याच वीज जाण्याने शेजारचा राउटरही बंद पडतो, म्हणजे इशारा देणारी वाट नेमकी गरजेच्या वेळी तुटलेली. चौथी, एसएमएस पोचला तरी ज्याला पोचला तो जवळपास असला पाहिजे, त्याच्याकडे खोलीची किल्ली पाहिजे, लस हलवायला दुसरी थंड जागा पाहिजे. आणि पाचवी, जी हमखास सुटते: तापमान बिघडून गेल्यावर त्या कुपी कोणीतरी बाजूला काढल्या पाहिजेत. एसएमएस वाचून ‘अरेरे’ म्हटलं आणि सकाळी त्याच कुपी वापरल्या, तर स्पेसिफिकेशन शंभर टक्के पाळलं गेलं आणि रिक्वायरमेंट पार बुडाली.

या पाचही गोष्टी सॉफ्टवेअरच्या बाहेरच्या आहेत. त्यांना गृहीतकं म्हणायचं. पण त्यांचा परिणाम सॉफ्टवेअरवर कसा होतो पाहा. राउटरची गोष्ट कागदावर आली असती तर कोणीही म्हणालं असतं की मग इशारा फ्रिजजवळच्या यंत्राने द्यायचा नाही. दूरच्या सर्व्हरने द्यायचा, ठरावीक वेळ आकडा आला नाही की आपणहून. हे अख्खं वेगळं डिझाइन आहे. ते कोणत्याही ‘सिस्टीम अमुक करेल’ या वाक्यातून निघालं नसतं, कारण ते निघतं एका गृहीतकाच्या खोटेपणातून.

हा विचार माझा नाही. मायकल जॅक्सन (गायक नव्हेत, त्याच नावाचे ब्रिटिश संगणकतज्ज्ञ) आणि पामेला झेव्ह या दोघांनी १९९० च्या दशकात तो नीट मांडला. १९९७ च्या त्यांच्या शोधनिबंधाचं सार सांगायचं तर असं: जग आणि यंत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिक्वायरमेंट जगाबद्दल असते, जग कसं व्हावं हे ती सांगते. गृहीतक हेही जगाबद्दलच, पण जग आत्ता कसं आहे ते सांगणारं, यंत्र बसवा अथवा न बसवा. स्पेसिफिकेशन यंत्राबद्दल, आणि तेही जग आणि यंत्र जिथे एकमेकांना शिवतात तेवढ्या सीमेपुरतं. काम पूर्ण झालं कधी म्हणायचं? स्पेसिफिकेशन आणि गृहीतकं ही दोन्ही खरी मानली की त्यातून रिक्वायरमेंट निघते, असा युक्तिवाद करून दाखवता आला की. तीन गोष्टी आणि त्यांना जोडणारा एक युक्तिवाद, एवढाच हा पाया. पुढचं बरंचसं त्यावरचं बांधकाम आहे.

आपल्या शाळेतल्या व्याकरणात सांगायचं तर रिक्वायरमेंट विध्यर्थी (काय व्हावं ते सांगणारी) असते आणि गृहीतक स्वार्थी (आहे ते सांगणारं; मतलबी या अर्थाने नव्हे). आमच्या दस्तऐवजांत या दोघांची सरमिसळ असते. ‘प्रभारी व्यक्ती पंधरा मिनिटांत प्रतिसाद देईल’ हे वाक्य घ्या. ही वस्तुस्थिती आहे, की इच्छा, की प्रणालीने करवून घ्यायची गोष्ट? वस्तुस्थिती असेल तर तिला पुरावा लागेल. इच्छा असेल तर ती पुरी होण्यासाठी कोणीतरी काहीतरी करायला हवं. वाक्य लिहिणाऱ्याने एक धरलेलं असतं, वाचणाऱ्याने दुसरं, आणि तुमची सही दोन्हींवर पडते.

सीमेचा मुद्दाही महत्त्वाचा. यंत्राला ‘लस खराब झाली’ हे दिसत नाही. त्याला दिसतो एक आकडा. म्हणून ‘लस खराब झाल्यास सिस्टीम कळवेल’ असं लिहिणं म्हणजे यंत्राला डोळे नसलेल्या ठिकाणी बघायला सांगणं. डेव्हलपर बिचारा त्या वाक्याचा मनानेच अर्थ लावतो, आठच्या वरचा आकडा म्हणजे खराब असं ठरवतो, आणि एक मोठा वैद्यकीय निर्णय कोणाच्या नकळत कोडमधल्या एका ‘इफ’मध्ये, म्हणजे ‘असं असेल तर’ या अटीत, जाऊन बसतो. संगणकतज्ज्ञ डेव्हिड पार्नास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत ए-७ विमानाच्या सॉफ्टवेअरचा रिक्वायरमेंट दस्तऐवज तयार केला तो १९७८ मध्ये. पार्नास यांनी नंतर चार प्रकारच्या राशींची मांडणी केली: जगात ज्यावर लक्ष ठेवायचं ती राशी, यंत्राच्या हाती प्रत्यक्ष येते ती, यंत्र बाहेर देतं ती, आणि त्यामुळे जगात जी बदलायला हवी ती. पहिली आणि दुसरी एकच आहेत असं समजणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात लाडका गैरसमज. ग्लायकॉलची बाटली त्या दोघींच्या मधल्या फटीत बसते.

आता तुम्ही म्हणाल, फ्रिज ठीक आहे, मोठ्या ठिकाणी तज्ज्ञ असतात, तिथे असं होत नसेल. वॉर्सा विमानतळावर १४ सप्टेंबर १९९३ रोजी काय झालं ते सांगते.

लुफ्तान्साचं एअरबस ए३२० उतरत होतं. विमान जमिनीवर टेकल्यावर वेग मोडण्यासाठी पंखांवरचे स्पॉयलर (हवा अडवणाऱ्या फळ्या) उभे राहतात आणि इंजिनाचा जोर उलटा फिरवला जातो (रिव्हर्स थ्रस्ट). हे हवेत चुकून झालं तर अनर्थ. १९९१ मध्ये लाउडा एअरच्या बोइंग ७६७ मध्ये उड्डाणादरम्यान एका इंजिनाचा रिव्हर्स थ्रस्ट उघडला आणि विमानातले सर्व २२३ जण गेले. तेव्हा ‘जमिनीवर असल्याशिवाय हे होऊ नये’ ही रिक्वायरमेंट योग्यच होती. पण ‘जमिनीवर आहोत’ हे संगणकाला कसं दिसणार? त्याला दिसतं ते चाकांच्या खांबांवर पडलेलं वजन आणि चाकं फिरण्याचा वेग. म्हणून स्पेसिफिकेशन असं की स्पॉयलरसाठी दोन्ही मुख्य खांब पुरेसे दबले पाहिजेत किंवा चाकं ७२ नॉट्सपेक्षा जास्त वेगाने फिरली पाहिजेत. रिव्हर्स थ्रस्टसाठी तर दोन्ही खांब दबलेच पाहिजेत.

त्या दिवशी धावपट्टीवर पाणी होतं. आडवा वारा असेल या अंदाजाने वैमानिकांनी विमान किंचित उजवीकडे कललेलं ठेवलं होतं आणि वेगही थोडा जास्त होता. प्रत्यक्षात वारा बराचसा पाठीमागून आला. उजवं चाक २,८०० मीटरच्या धावपट्टीवर साधारण ७७० मीटरवर टेकलं. डावं टेकायला आणखी सुमारे नऊ सेकंद गेले, तोवर अर्ध्याहून जास्त धावपट्टी मागे पडली होती. दोन्ही खांब दबलेले नाहीत. चाकं पाण्याच्या थरावर घसरत होती, त्यामुळे पुरेशा वेगाने फिरत नव्हती. संगणकाच्या दृष्टीने विमान हवेत होतं. सॉफ्टवेअरने नेमून दिलेलं काम चोख केलं आणि ब्रेकचं साहाय्य रोखून धरलं. विमान धावपट्टी ओलांडून पलीकडच्या मातीच्या बांधावर आदळलं, पेटलं. दोघांचा मृत्यू झाला. कारणं अर्थातच अनेक होती, वाऱ्याची माहिती आणि वैमानिकांचे निर्णयही त्यात आले. पण मला त्यातलं गृहीतक दिसत राहतं: ‘विमान धावपट्टीवर धावत असेल तर चाकं फिरतात.’ कोरड्या धावपट्टीवर खरं. ओल्या धावपट्टीवर खोटं.

इथे बग शोधायला गेलात तर सापडणार नाही. कोडची एकही ओळ तिच्या स्पेसिफिकेशनशी बेइमान नव्हती. म्हणूनच ‘टेस्टिंगमध्ये सगळं पास झालं’ हा निरोप ऐकून तुम्ही निर्धास्त होता, तेव्हा मला काळजी वाटते. टेस्टर यंत्र स्पेसिफिकेशनशी ताडून पाहतो. स्पेसिफिकेशन जगाशी कोणी ताडलं?

गृहीतकांचा आणखी एक वाईट गुण आहे, ती शिळी होतात. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ रॉकेटचं पहिलं उड्डाण साधारण चाळीस सेकंदांत संपलं. दिशा आणि गती मोजणारी प्रणाली आधीच्या एरियान ४ वरून उचललेली होती. तिथे वर्षानुवर्षं उत्तम चाललेली. तिच्यात एका मोठ्या, ६४ बिटांच्या दशांश संख्येचं १६ बिटांच्या पूर्णांकात रूपांतर व्हायचं. अशा सात राशी होत्या. संगणकावरचा भार मर्यादेत ठेवायचा म्हणून चारांना संरक्षण दिलं, तिघांना दिलं नाही, कारण त्या तीन राशी एवढ्या मोठ्या होऊच शकत नाहीत असा हिशेब होता. एरियान ४ च्या मार्गासाठी तो हिशेब बरोबर होता. एरियान ५ चा आडवा वेग सुरुवातीलाच कितीतरी झपाट्याने वाढतो. संख्या मावली नाही, राखीव संगणक बंद पडला, मुख्य संगणकही त्याच कारणाने क्षणार्धात बंद पडला. त्याच सॉफ्टवेअरचे दोन नग ठेवून चुकीच्या गृहीतकापासून बचाव होत नाही, हे जाता जाता.

त्यातही वैताग आणणारी गोष्ट म्हणजे ज्या कामात हा घोटाळा झाला ते काम उड्डाणानंतर एरियान ५ ला नकोच होतं. जुन्या रॉकेटमध्ये उलटी गणती शेवटच्या क्षणी थांबली तर ती पटकन पुन्हा सुरू करता यावी म्हणून ते उड्डाणानंतरही थोडा वेळ चालू ठेवलेलं होतं. गरज गेली, सवय राहिली. पण हे पत्र तुम्हाला आहे, म्हणून चौकशी अहवालातली दोन निरीक्षणं मुद्दाम सांगते. एक, त्या तीन राशींना संरक्षण का दिलं नाही याचं स्पष्टीकरण कोडमध्ये थेट कुठेही नव्हतं. दोन, या प्रणालीच्या रिक्वायरमेंट आणि स्पेसिफिकेशनमध्ये एरियान ५ च्या मार्गाची माहिती घालायची नाही, हे संबंधितांनी मिळून ठरवलं होतं. कोणी विसरलं नव्हतं. मंजुरी होती. आणि चूक आढळल्यास प्रोसेसर थांबवायचा हेही पुरवठादाराने मनाने केलेलं नव्हतं, त्याला दिलेल्या स्पेसिफिकेशनमध्येच तसं होतं.

व्यवहाराच्या भाषेत याचा अर्थ इतकाच: पुरवठादार स्पेसिफिकेशनला बांधील असतो, जगाला नाही. ते पाळलं की त्याचं बिल निघतं. गृहीतक खोटं ठरल्याचा भार सही करणाऱ्याच्या बाजूला येतो. तेव्हा गृहीतकं लिहून मागणं हे तुमच्याच हिताचं आहे; आमच्या शिस्तीखातर नव्हे.

यंत्रांबद्दलची गृहीतकं एकवेळ मोजता येतात. माणसांबद्दलची अवघड. लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने २६ ऑक्टोबर १९९२ रोजी गाड्या पाठवण्याची नवी संगणकीय प्रणाली पूर्णपणे चालू केली आणि दीड-दोन दिवसांत अर्धवट जुन्या पद्धतीकडे परतावं लागलं. कोणती गाडी कुठे आहे आणि मोकळी आहे की नाही, याची माहिती प्रणालीला जवळजवळ अचूक मिळत राहील, या आधारावर सगळी रचना होती. ती माहिती मिळायची तर गाडीवरच्या कर्मचाऱ्याने प्रत्येक टप्प्यावर योग्य बटण योग्य वेळी दाबायला हवं आणि रेडिओचा संदेश पोचायला हवा. रुग्णाला स्ट्रेचरवर घेत असलेल्या माणसाकडून ही अपेक्षा होती. चुकीच्या माहितीवर चुकीच्या गाड्या जाऊ लागल्या, इशाऱ्यांचे ढीग साचले, त्यामुळे लोकांचे फोन पुन्हा येऊ लागले, त्याने प्रणाली आणखी मंदावली. बेल्जियमचे संगणकतज्ज्ञ ॲक्सेल व्हान लाम्सवेर्डे यांच्या मांडणीत यासाठी एक उपयोगी भेद आहे. मोठं उद्दिष्ट फोडत जायचं, प्रत्येक तुकडा एकाच कर्त्यावर टाकता येईपर्यंत. तो कर्ता सॉफ्टवेअर असेल तर तुकडा रिक्वायरमेंट (हा शब्द ते जरा वेगळ्या अर्थाने वापरतात). माणूस असेल तर ती अपेक्षा. अपेक्षा कोडने पाळून घेता येत नाही. तिला प्रशिक्षण लागतं, मनुष्यबळ लागतं, कामाची रीत बदलावी लागते, आणि या तिन्हींचे अधिकार तुमच्याकडे असतात, ॲनालिस्टकडे नसतात. आमच्या दस्तऐवजात ‘वापरकर्ता अचूक माहिती भरेल’ असं वाक्य दिसलं की ते तुमच्या नावावर लिहिलेलं काम आहे असं समजा.

‘पण टेम्प्लेटमध्ये गृहीतकांचा विभाग असतो की!’ असतो. रिक्वायरमेंट दस्तऐवज कसा लिहावा हे सांगणाऱ्या आयईईई ८३० या जुन्या मानकाच्या आराखड्यातही ‘गृहीतकं आणि अवलंबित्व’ असा उपविभाग होता. त्यात आम्ही काय भरतो ते उघडून बघा. क्लायंट सर्व्हर वेळेत देईल. वापरकर्त्याकडे अद्ययावत ब्राउझर असेल. अभिप्राय पाच दिवसांत मिळतील. ही प्रकल्पाची गृहीतकं झाली, वेळापत्रक कोसळलं तर बोट दाखवायला ठेवलेली. ज्या जगात प्रणाली काम करणार त्याबद्दल एक ओळ नसते.

मानकं आणि प्रशिक्षणवर्ग यांच्यावरही माझा थोडा राग आहे. चांगल्या रिक्वायरमेंटची लक्षणं म्हणून जी यादी घोकून घेतली जाते, म्हणजे असंदिग्ध, एकेरी, तपासण्याजोगी, साध्य वगैरे, ती बहुतांशी सुट्या वाक्याच्या प्रकृतीची तपासणी आहे. ‘प्रणाली वेगवान असावी’ असं लिहू नका, सेकंद लिहा, हे आता सगळ्यांना कळलंय. फंक्शनल (प्रणाली काय करेल) आणि नॉन-फंक्शनल (किती वेगाने, किती सुरक्षितपणे वगैरे) अशी वाटणी करण्यात तर तासन् तास जातात, आणि त्यातून निष्पन्न फार थोडं होतं. एसएमएसचं ते वाक्य या सगळ्या कसोट्यांना उतरतं, हे विसरू नका.

अजाइलवाल्यांनी, म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत बांधून दाखवणाऱ्यांनी, इथे सुटकेचा निःश्वास टाकू नये. त्यांच्या २००१ च्या जाहीरनाम्याने जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालतं सॉफ्टवेअर मोलाचं मानलं, ते योग्यच. लवकर दाखवा, लवकर सुधारा, यातून बरीच चुकीची गृहीतकं लवकर उघडी पडतात हेही खरं. पण जी रोजच्या वापरात उघडी पडतात तीच. ओली धावपट्टी दर दोन आठवड्यांच्या डेमोला हजर नसते. शिवाय यूझर स्टोरीच्या, म्हणजे वापरकर्त्याची गरज एका वाक्यात लिहिण्याच्या, साच्यात ‘जेणेकरून’ असा तिसरा भाग असतो. अमुक म्हणून मला तमुक हवं, जेणेकरून... खरी रिक्वायरमेंट राहते ती तिथे. बॅकलॉग (करायच्या कामांची यादी) उघडून पाहा, किती स्टोऱ्यांत तो भाग रिकामा आहे किंवा दुसऱ्या भागाचीच पुनरुक्ती आहे: ‘मला अहवाल डाउनलोड करता यावा, जेणेकरून मला अहवाल मिळेल.’

एक आक्षेप मात्र मी मान्य करते. जगाबद्दलची गृहीतकं अगणित असतात. गुरुत्वाकर्षण आहे, उद्या सूर्य उगवेल, सगळी कुठे लिहिणार? सगळी लिहायची नाहीतच. युक्तिवादात वापरलेली तेवढीच लिहायची. त्याची रीत सोपी आहे. प्रत्येक मुख्य रिक्वायरमेंटसाठी एक परिच्छेद लिहायला लावा: यंत्र हे करेल, म्हणून असं होईल, म्हणून तसं होईल, म्हणून शेवटी आपल्याला हवं ते घडेल. त्या परिच्छेदात जिथे जिथे ‘साहजिकच’ किंवा ‘अर्थातच’ येतं, किंवा न लिहिताच एका ‘म्हणून’वरून दुसऱ्या ‘म्हणून’वर उडी मारली जाते, तिथे गृहीतक दडलेलं असतं. ते बाहेर काढून त्याच्यापुढे हे खरं आहे हे कोणाला विचारलं, ते कधी खोटं ठरू शकतं, आणि खोटं ठरल्याचं आपल्याला कळणार कसं, एवढं लिहायचं. मुख्य रिक्वायरमेंट तशा थोड्याच असतात, त्यामुळे हे काही पानांचं काम आहे. अहवालाचा फाँट, मेन्यूचा क्रम यांना हा व्याप नको. मात्र जिथे माणसाचा जीव, पैसा किंवा हक्क गुंतलेला आहे तिथे त्याला सूट नाही.

यासाठी आम्हाला तुमच्याकडून दोन गोष्टी लागतील. पहिली, प्रत्यक्ष जागेवर जायची परवानगी आणि वेळ. सेन्सर हवा मोजतो की द्रव, हे मीटिंगच्या खोलीत कळत नाही; ते फ्रिज वापरणाऱ्या परिचारिकेला माहीत असतं, आणि ती तुमच्या साइन-ऑफच्या बैठकीला कधीच नसते. दुसरी, काम संपल्यावर प्रत्येक मोठ्या गृहीतकाला एक धनी. नवी शाखा उघडली, उपकरण बदललं, कायदा बदलला, की त्याने ते पान उघडून पाहायचं. एरियान ४ चं सॉफ्टवेअर नव्या रॉकेटवर चढवताना असं पान हाती असतं, तर निदान प्रश्न तरी विचारला गेला असता.

चेंज रिक्वेस्टच्या, म्हणजे मंजुरीनंतर मागितलेल्या बदलांच्या, भांडणांतही याचा फायदा होईल. ‘हे मूळ कामात होतं की नव्हतं’ यावर जी रस्सीखेच चालते ती बहुतेक वेळा आंधळी असते. त्याऐवजी विचारा, नेमकं काय बदललं? तुमची इच्छा बदलली असेल तर खर्च तुमचा. यंत्राने स्पेसिफिकेशन मोडलं असेल तर पुरवठादाराचा. जगच धरल्यापेक्षा वेगळं निघालं असेल तर ते गृहीतक कोणी मांडलं, कोणी तपासलं, हे पानावर दिसेल आणि वाटणी त्यानुसार करता येईल. आज त्या तिसऱ्या प्रकाराला नावच नाही, म्हणून तो ज्याचा आवाज लहान त्याच्या गळ्यात पडतो.

नेमकं काय बांधायचं ते ठरवणं हाच सॉफ्टवेअर बांधण्यातला सर्वांत अवघड भाग, असं संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रूक्स यांनी १९८६ मध्ये सांगून ठेवलं. ते वाक्य प्रेझेंटेशनच्या पहिल्या स्लाइडवर टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. त्या अवघड भागाला वेळापत्रकात किती दिवस दिलेत, ते त्याच प्रेझेंटेशनच्या शेवटच्या स्लाइडवर पाहा.

सहीसाठी येणाऱ्या पुढच्या दस्तऐवजात गृहीतकांचं पान नसेल तर तो न वाचता परत पाठवा. आम्ही कुरकुर करू, तारीख हुकेल म्हणू, क्लायंटला काय सांगायचं म्हणू. करू द्या कुरकुर.

कळावे,

आपली,
एक बिझनेस ॲनालिस्ट